मदत हवी आहे: गोव्याची जुनी डच एचिंग प्रिंट, तपकिरी डाग, हार्डबोर्डला चिकटलेली

आंबेमोहोर:
जुन्या गोवे शहराचं एचिंग आहे, म्हणजे ॲसिडने कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून छापलेलं चित्र. डच कलाकाराचं, १५९६ सालचं. खालच्या कडेला तपकिरी डाग पडलेत आणि या पावसाळ्यात ते वाढलेत. मागून हार्डबोर्डला चिकटवलेलं आहे. फ्रेमवाला म्हणतो, केमिकलने डाग काढून, नव्या बोर्डवर चिकटवून, वरून लॅमिनेशन करून देतो, म्हणजे पुन्हा कटकट नाही. त्याला सोमवारी उत्तर द्यायचंय. डाग कशाने जातील आणि लॅमिनेशन करावं का, एवढंच सांगा. गोव्याचा इतिहास ठाऊक आहे, तो नको.

कागदवेडा:
लॅमिनेशन अजिबात नको. प्लास्टिकवरचा चिकट थर उष्णतेने वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो आणि नंतर कागदाला इजा न करता निघत नाही. शिवाय दाबाने प्लेटचा उठाव आणि शाईचा उंचवटा दोन्ही सपाट होतात. एचिंग ओळखायची मुख्य खूण तीच.

डागांसाठी आधी माहिती हवी. ठिपके विखुरलेले आहेत की कडेशी गडद झालेली लाट आहे? कुबट वास येतो का, पृष्ठभागावर लव दिसते का? चित्र काळंपांढरं की रंगवलेलं? मध्ये माउंट (काच आणि चित्र यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) आहे की कागद थेट काचेला टेकलाय? चिकटवलंय ते फेव्हिकॉलने की खळीने? फ्रेम बाहेरच्या भिंतीवर असते की आतल्या? विखुरलेले ठिपके म्हणजे बहुधा फॉक्सिंग (जुन्या कागदावर उठणारे तांबूस ठिपके), लाट म्हणजे पाणी चढलंय, माउंटच्या खिडकीलगत सरळ तपकिरी पट्टी असेल तर आम्लयुक्त पुठ्ठ्याचा भाजका डाग, आणि लव असेल तर जिवंत बुरशी. चौघांवरचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की कागद जातो.

लूपवाला:
आणि १५९६ कशावरून? छापलेलं साल आहे का? खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव असेल ते जसंच्या तसं उतरवून द्या.

रसायनशाळा:
तपकिरी डागांवर हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडचं २० व्हॉल्यूम म्हणजे साधारण ६ टक्के असतं. तेवढंच डिस्टिल्ड पाणी घालून ३ टक्क्यांवर आणा, अमोनियाचे एकदोन थेंब टाका, कारण पेरॉक्साइड अल्कलाइन असलं तरच नीट काम करतं. बारीक ब्रशने फक्त डागावर लावायचं, टीपकागदाने टिपायचं, पुन्हा लावायचं. ब्लीचिंग पावडर किंवा घरातलं ब्लीच मात्र वापरू नका, क्लोरीन कागदात राहतं आणि पुढे कागद पिवळा आणि ठिसूळ होतो.

कागदवेडा:
ब्लीचबद्दल शंभर टक्के सहमत. पेरॉक्साइडला मात्र इथे विरोध, आणि कारण सांगून विरोध. हार्डबोर्ड म्हणजे दाबलेला लाकडाचा लगदा, त्यात लिग्निन (लाकडातला तपकिरी पडणारा घटक) आणि आम्ल भरपूर. वरून एक थेंब पाणी पडलं की ते बोर्डातला तपकिरी रंग विरघळवतं आणि सुकताना तो वर, चित्राच्या कागदात आणून सोडतं. म्हणजे एक डाग काढायला जाल आणि त्याभोवती नवी कडा उमटेल. दुसरं, हाताने केलेल्या जुन्या कागदात लोखंडाचे बारीक कण असतात. पेरॉक्साइड लोखंडाला भेटलं की तिथला सेल्युलोज, म्हणजे कागदाचा तंतू, झपाट्याने तुटतो आणि काही काळाने टाचणीएवढं भोक पडतं. तिसरं, उरलेलं रसायन धुऊन काढायचं तर अख्खा कागद पाण्यात बुडवावा लागतो. बोर्डला चिकटलेला कागद कसा बुडवणार?

रसायनशाळा:
बोर्डवरून सोडवल्यानंतर करायचं हे मी गृहीत धरलं होतं. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या पातळ पाण्यात बुडवून प्रकाशात ठेवूनही डाग फिके होतात, काही कॉन्झर्व्हेटर ती पद्धत वापरतात. कागदात थोडा अल्कलाइन साठाही राहतो.

कागदवेडा:
वापरतात, पण रंग तपासून. धागाकर्त्यांनी अजून रंगाबद्दल सांगितलेलंच नाही.

आंबेमोहोर:
एवढी चौकशी लागेल असं वाटलं नव्हतं. फोटो टाकलाय. रंगीत आहे: पाणी निळसर, झाडं हिरवी, छपरं तांबडी. काचेला टेकलेलं आहे, माउंट नाही. थोडा वास येतो. पुण्यात आहे, बाहेरच्या भिंतीवर. काचेचं माप १४ बाय १८ इंच. हार्डबोर्डवर दुकानदाराने पेन्सिलने 'लिन्सखोटेन, १५९६' लिहिलंय आणि पावतीवरही तेच. चित्रात डावीकडे बॉम जेझू चर्च स्पष्ट दिसतं. आता डागांचं सांगाल का?

डेल्फ्टकर:
नेदरलँड्समधून आणलंय का? युरोपीय संघाबाहेर नेताना ५० वर्षांहून जुन्या मूळ एन्ग्रेव्हिंगची किंमत १५,००० युरोंच्या वर असेल तर निर्यात परवाना लागतो. २०० वर्षांहून जुन्या छापील नकाशांनाही हीच मर्यादा. भारतात येताना मूळ एन्ग्रेव्हिंग आणि प्रिंट कस्टमच्या यादीत ९७०२ या शीर्षकाखाली येतात. लोक जुन्या वस्तू म्हणून ९७०६ लिहितात ते चूक, कारण आधीच्या शीर्षकांत बसणारी वस्तू ९७०६ मध्ये जात नाही. शंभर वर्षांवरच्या प्रिंटना २०२२ पासून ९७०२ मध्येच वेगळं उपशीर्षक आहे. आणि पावती फेकू नका. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरची कलाकृती पुरावशेष ठरते, व्याख्येत ती कुठे बनली हे पाहिलं जात नाही. उद्या पुन्हा बाहेर न्यायची झाली तर ती बाहेरून आली होती हे दाखवायला हाच कागद.

आंबेमोहोर:
घरात आलेलं आहे, कस्टमचा प्रश्न नाही. डाग.

लूपवाला:
डागांआधी काय हातात आहे ते ठरू द्या, कारण किती खर्च आणि किती धोका पत्करायचा ते त्यावर ठरतं. काचेचं माप फ्रेमवाल्याच्या कामाचं. मला प्लेटचं माप हवंय. तांब्याची प्लेट ओलसर कागदावर प्रेसमध्ये दाबली की चित्राभोवती किंचित खोल गेलेला चौकोन उमटतो. त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा.

लिन्सखोटेन हा डच प्रवासी १५८३ ते १५८८ गोव्यात होता, तिथल्या आर्चबिशपचा सचिव म्हणून. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये अॅमस्टरडॅमला कॉर्नेलिस क्लासने छापलं. त्यातला गोव्याचा आराखडा बाप्टिस्टा फान डूटेखमने केला आहे. ते घडी घातलेलं मोठं पान आहे आणि त्याचं शीर्षक पोर्तुगीज आहे, 'आ इल्या ए सिदाद द गोआ' असं सुरू होणारं. तुमच्या फोटोत वरची ओळ मला फ्रेंच वाटते.

मांडवीकाठ:
बॉम जेझूवरूनही शंका येते. आजच्या चर्चचं काम १५९४ मध्ये सुरू झालं आणि ते वापरात आलं १६०५ मध्ये. लिन्सखोटेन १५८८ मध्येच निघून गेला होता. तेव्हा मूळ आराखड्यात आजची बॅसिलिका असायचा प्रश्नच नाही. सध्याचं से कॅथेड्रलही १६१९ ला पूर्ण झालं. तुम्हाला जे दिसतंय ते दुसरं चर्च असावं. इमारतींवर अक्षरं असतील तर चित्रातल्या जागांच्या सूचीत त्या अक्षरासमोर काय लिहिलंय पाहा.

उलट बाजूही लक्षात घ्या. चित्रातलं शहर जुनं आहे म्हणून कागद तेवढा जुना ठरत नाही. रोगराईमुळे पोर्तुगीज व्हाइसरॉय १६९५ मध्ये पणेलीला गेले, १७५९ मध्ये पणजीला. शहर ओस पडत होतं आणि युरोपातले प्रकाशक मात्र लिन्सखोटेनच्या काळातलं भरलेलं गोवे पुन्हा पुन्हा कोरून छापत होते.

किल्लेदार:
गोव्याला वेढा घालणाऱ्या डच जहाजांना वेंगुर्ल्याचा आधार होता. तिथली डच वखार १६३७ ची, भिंती अजून उभ्या आहेत, पण आत झाडं वाढलीत. मूळं चिऱ्यांच्या सांध्यात शिरली की भिंत फुटते. झाड उपटलं तर चिरा सोबत येतो, म्हणून बुंधा कापून मूळ जागच्या जागी मारावं लागतं आणि मग सांधे चुन्यानेच भरायला हवेत, सिमेंटने नाही. वेंगुर्ल्याचं असं डच चित्र कुणाच्या पाहण्यात आहे का?

लूपवाला:
वखारीसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन. हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डच कंपनीच्या नकाशांत शोधायला सुरुवात करा.

छापखाना:
फोटो मोठा करून पाहिला. छपरांवरच्या रेषांची टोकं निमुळती आहेत. एचिंगमध्ये सुईने प्लेटवरचं मेण खरवडायचं आणि ॲसिडने तांबं खायचं, त्यामुळे रेषेची जाडी सारखी राहते आणि टोक बोथट असतं. निमुळतं टोक ब्यूरिनचं, म्हणजे तांबं थेट कोरायच्या हत्याराचं, कारण हत्यार तांब्यात हळूहळू शिरतं आणि हळूहळू बाहेर येतं. तेव्हा हे एचिंग नाहीच. दुकानदाराने साल आणि तंत्र दोन्ही चुकीचं सांगितलंय.

लूपवाला:
रेषेच्या टोकावरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नका, निदान डच कामात नाही. डूटेखम घराण्याची ख्यातीच ती होती: ॲसिडने अशी रेषा खायची की ती ब्यूरिनची वाटावी, फुगणारी आणि निमुळती होणारी. योआनेस आणि लुकास या भावांनी ॲन्टवर्पचा प्रकाशक हिएरोनिमस कॉक याच्यासाठी अशाच प्लेट केल्या. बाप्टिस्टा हा योआनेसचा मुलगा.

छापखाना:
पण ही प्लेट डूटेखमची नाही असं तुम्हीच सुचवताय. मग तो अपवाद इथे कसा लागू होईल?

लूपवाला:
लागू नाही, बरोबर. पण अठराव्या शतकातली पुस्तकातली प्लेट असेल तर मिश्र काम हीच रीत होती. पाणी, झाडं, जमिनीचा पोत ॲसिडने, मग इमारतींच्या कडा आणि सावल्या ब्यूरिनने पक्क्या करायच्या. अक्षरं बहुतेक वेळा ब्यूरिननेच, आणि ती कोरणारा कारागीरही अनेकदा वेगळा. तुम्ही छपरं पाहिलीत, आता नदीच्या लाटा पाहा. रेषा थरथरत्या आणि एकाच जाडीच्या आहेत.

छापखाना:
लाटा पाहिल्या. हो, त्या ॲसिडच्या आहेत. मग मिश्र म्हणू. धागाकर्त्यांनी १० पटीचं भिंग मिळवावं, नाणी किंवा टपाल तिकिटं विकणाऱ्यांकडे मिळतं. रेषेत रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेट, म्हणजे आजकालची यंत्रछपाई, विषय संपला. रेषा सलग असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. तांब्याच्या प्लेटवरची शाई कागदाच्या वर किंचित उचललेली असते, रेषेला बारीक सावली पडते. नुसत्या प्लेटच्या चौकोनावर विसंबू नका, तो कोऱ्या प्लेटने नंतरही दाबता येतो.

आंबेमोहोर:
भिंग मिळालं. ठिपके नाहीत. टॉर्चमध्ये काळ्या रेषा उंच दिसतात. रंग मात्र रेषा ओलांडून गेलाय काही ठिकाणी. चौकोन काचेतून मोजला, साधारण १९५ बाय २७० मिमी. वर दोन ओळी: पहिली 'प्लान द ला व्हिल द गोआ', दुसरी तशीच पण वेगळ्या भाषेत. खाली उजवीकडे 'जे. व्ही. श्लाय डायरेक्स'. वरच्या कोपऱ्यात टोम आणि आकडा. मधोमध उभी घडी, आणखी एक बाजूला. बॉम जेझू वाटलं होतं तिथे सूचीत कॉलेज लिहिलंय. हे लिन्सखोटेनच आहे ना?

लूपवाला:
नाही. पण खोटंही नाही, आणि चांगली बातमी म्हणजे आता नेमकं सांगता येतं. याकोब फान डर श्लाय, अॅमस्टरडॅमचा, जन्म १७१५, मृत्यू १७७९, बर्नार पिकारचा शिष्य. आबे प्रेव्हो या फ्रेंच लेखकाच्या प्रवासवर्णनांच्या मोठ्या संग्रहाची पॅरिस आवृत्ती १७४६ पासून निघू लागली, त्यातले नकाशे बेलँ या नकाशाकाराचे. पाठोपाठ १७४७ पासून हेगमध्ये पिएर द होंटने स्वतःची आवृत्ती काढली आणि तिच्या प्लेट श्लायच्या देखरेखीखाली नव्याने कोरल्या गेल्या. सहीतलं 'डायरेक्स' तेच सांगतं: काम त्याच्या हाताखाली झालं, प्रत्येक रेष त्याची असेलच असं नाही. पॅरिसच्या प्लेटवर फक्त फ्रेंच, हेगच्या प्लेटवर फ्रेंचखाली डच. टोम (म्हणजे खंड) आणि आकडा ही बाइंडरला सूचना, पान कुठे शिवायचं त्याची. घड्याही पुस्तकात दुमडून बसवल्याच्या.

चित्र लिन्सखोटेनच्या आराखड्यावरूनच लहान करून उतरवलेलं दिसतं, म्हणून दुकानदाराने ते नाव लावलं असावं. पण १५९६ हे साल या कागदाला लावणं चूक आहे. हा अठराव्या शतकाच्या मध्याचा कागद. मूळ १५९६ च्या पानाच्या आणि याच्या किमतीत फार मोठं अंतर आहे. पावतीवर १५९६ असेल तर सही, शीर्षक आणि प्लेटच्या मापाचे फोटो जोडून दुकानदाराला लेखी कळवा. फोनवर नको.

रंगाबद्दल: या संग्रहाच्या प्लेट सहसा काळ्यापांढऱ्याच निघत. रेषा ओलांडणारा रंग बहुधा अलीकडचा, विक्रीसाठी चढवलेला.

कागदवेडा:
हे शेवटचं वाक्य डागांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. प्लेटची शाई तेलाची असते, ती पाण्याला घाबरत नाही. नंतर चढवलेला जलरंग मात्र पसरतो. म्हणून पाण्यात बुडवणं, पेरॉक्साइड, उन्हातली पद्धत, सगळं रंगाची चाचणी होईपर्यंत बंद. चाचणी अशी: कडेच्या न दिसणाऱ्या जागी, प्रत्येक रंगावर वेगळी, ओलसर टीपकागदाचा तुकडा काही सेकंद दाबून उचला. तुकड्यावर रंग आला तर पाणी नाही.

आज संध्याकाळी एवढंच करा. फ्रेम काचेसकट पालथी ठेवा, मागचे बारीक खिळे काढा, बोर्डसकट चित्र बाहेर घ्या. काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका, तसंच थांबा. सुटं असेल तर वरून तिरक्या प्रकाशात फोटो काढा. वास येतोय, म्हणून मास्क लावा. पंखा बंद करून मऊ कोरड्या ब्रशने पृष्ठभाग एकाच दिशेने झाडा. मग चित्र सावलीत, हवेशीर पण कोरड्या खोलीत आडवं ठेवा. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी पुन्हा धरते, ५० च्या आसपास ठेवता आला तर उत्तम. स्वस्तातला हायग्रोमीटर खोलीत ठेवा. रंगीत भागावर खोडरबर चालवू नका.

आता बोर्ड. चित्र बोर्डवरून कधीच सोलायचं नाही, बोर्ड चित्रावरून काढायचा. चित्र पालथं, खाली स्वच्छ टीपकागद, आणि बोथट पात्याने हार्डबोर्डचा एक एक थर मागून उचलत जायचं. कागदालगतचा शेवटचा पातळ थर ठेवून थांबायचं. हाताला सवय नसेल तर इथपर्यंतही जाऊ नका. शेवटचा थर कसा निघेल ते चिकटवणाऱ्या पदार्थावर आहे. बोर्डच्या कडेला जिथे नुसता चिकटवणारा पदार्थ उघडा असेल, चित्राचा कागद नसेल, तिथे पाण्याचा एकच थेंब ठेवा. दहा मिनिटांनी मऊ, घसरट झाला तर खळ. पांढरट, रबरासारखा राहिला तर फेव्हिकॉल.

रसायनशाळा:
फेव्हिकॉल निघाला तर अल्कोहोलने फुगतो, पाण्यापेक्षा बरा.

कागदवेडा:
फुगतो, विरघळत नाही. आणि अल्कोहोल काही रंगांना पाण्यापेक्षा वाईट. घरी नको.

आंबेमोहोर:
बाहेर काढलं, काचेला चिकटलेलं नव्हतं. थेंब ठेवला. पांढरट, ताणलं की रबरासारखं. खालची तपकिरी लाट बोर्डच्या बाजूनेही तेवढीच गडद आहे. हिरव्यावर टीपकागद दाबला, हिरवा आला. फ्रेमवाल्याला नको म्हणून कळवतो. पुढे?

कागदवेडा:
मग फेव्हिकॉल, आणि रंग कच्चा. लाट दोन्हीकडे सारखी म्हणजे ओल बाहेरच्या भिंतीतून बोर्डमध्ये चढली, तिथून कागदात. हे काम आता कागदाच्या कॉन्झर्व्हेटरचं. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, इनटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेकडेही संवर्धनाची सोय आहे. आधी फोटो, माप आणि या दोन चाचण्यांचे निकाल लिहून पाठवा, त्यावरून ते काम घेणार की नाही सांगतील. नेताना गुंडाळी करू नका. बोर्डसकट, वर सिलिकॉन कागद (न चिकटणारा), दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठे, आणि आडवं.

तोवर फ्रेमची तयारी. कापसाच्या लगद्याचा आम्लरहित माउंट, खिडकी प्लेटच्या चौकोनापेक्षा चारही बाजूंनी ४ ते ५ मिमी मोठी, म्हणजे उठाव दिसतो. चित्र वरच्या कडेलाच, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लटकवायचं, चारी बाजूंनी चिकटवायचं नाही. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला हलायला जागा हवी, नाहीतर तो लाटेसारखा उठतो. काच कागदाला टेकू नये. अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक घ्या, भिंत आतली, प्रकाश ५० लक्सच्या आसपास.

आंबेमोहोर:
डाग पूर्ण जातील का?

कागदवेडा:
पूर्ण नाही. कच्च्या रंगामुळे धुता येणार नाही, त्यामुळे फिके होतील एवढंच. बोर्ड निघाला आणि कागद बाहेरच्या भिंतीपासून दूर गेला की वाढणं थांबेल, आणि या पानासाठी ते जास्त महत्त्वाचं आहे.

छापखाना:
बोर्ड निघाला की मागची बाजू उजेडासमोर धरून फोटो टाका. कागदात साधारण २५ मिमी अंतरावर उभ्या साखळी रेषा आणि त्यांना काटकोनात दाट बारीक रेषा दिसायला हव्यात, ती हाताने केलेल्या जुन्या कागदाची खूण. एखादं जलचिन्ह मिळालं तर त्याचं माप घ्या. हिरव्याच्या मागे कागद तपकिरी झालाय का तेही बघा. झाला असेल तर तांब्याचा जुना हिरवा रंग, आणि मग रंगाबद्दल लूपवाल्यांनी सांगितलं ते मला पुन्हा तपासायचंय.